बेड नंतर, आधी बेडखाली बघा

सदर : गाडीचं दुखणं

पावसाळा ओसरायला लागला की या सदराकडे चालत्या घरांची, म्हणजे मोटरहोम-कॅराव्हॅनची, पत्रं यायला सुरुवात होते. राज्याचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं, त्यानंतर भाड्याच्या गाड्या दिसू लागल्या. आता त्यातल्या काही विकायला निघाल्यात. शिवाय कुणी हौसेने घरच्या घरी बनवून घेतलेल्या असतात, त्या वेगळ्याच. या महिन्यात बाकी सगळं बाजूला ठेवून फक्त सेकंड हँड मोटरहोमचे प्रश्न घेतलेत. ज्यांच्या स्कूटर सकाळी स्टार्ट होत नाहीत त्यांनी पुढच्या अंकापर्यंत किक मारत राहावं.

प्रश्न : आम्ही नवरा-बायको मुलुंडला राहतो, दोघंही निवृत्त. पनवेलजवळ एकाकडे २०१४ ची फोर्स ट्रॅव्हलर आहे, आतून पूर्ण मोटरहोम केलेली. डबल बेड, शेगडी, छोटा फ्रीज, टॉयलेट, टपावर एसी. मीटरवर ८४ हजार. मागतो साडेनऊ लाख. म्हणतो, "इंजिन मर्सिडीजचं आहे, डोळे झाकून घ्या." हिला आतले पडदे फार आवडलेत. आधी कोकण, मग पुढच्या वर्षी हिमाचल असा बेत आहे. या गाडीत नेहमी निघणारे दोष कोणते आणि ते आपल्याला कसे ओळखता येतील?

"डोळे झाकून घ्या" म्हणणारा भेटला की मी आधी टॉर्च काढतो. तुम्हीही काढा.

मर्सिडीजचं म्हणतो ती अगदीच थाप नाही. बजाज टेम्पोने (२००५ पासून फोर्स मोटर्स) मर्सिडीजच्या ओएम-६१६ या डिझेल इंजिनाचं तंत्र घेतलं होतं आणि ट्रॅव्हलरचा मूळ आराखडाही मर्सिडीजच्याच टी-१ व्हॅनवरून आलाय. इंजिनाची रचना सत्तरच्या दशकातली. टायमिंगला बेल्ट नाही, चेन आहे. वेळच्या वेळी ऑइल बदललं तर कंटाळा येईल इतकं चालतं. पण हे त्या जातीच्या इंजिनाचं कौतुक झालं. तुमच्या समोर उभ्या असलेल्या गाडीत काय आहे ते तपासल्याशिवाय कळत नाही, आणि त्या नावासाठी एक रुपयाही जास्त द्यायचा नाही.

गाडी बघायला सकाळी लवकर जा आणि पोचायच्या आधी फोन करू नका. पोचल्यावर पहिलं काम म्हणजे इंजिनावर हात ठेवायचा. गरम लागलं तर "आत्ताच जरा फिरवून आणली" हे उत्तर ऐकून घ्या, चहा प्या, आणि दुसऱ्या दिवशी परत जा. म्हातारं डिझेल इंजिन गरम असताना सगळ्यांनाच आवडतं, त्याचं खरं रूप थंड स्टार्टला दिसतं. स्टार्ट होताच मागे सायलेन्सरकडे एकाने उभं राहायचं. सुरुवातीला थोडा धूर आला तर हरकत नाही. निळसर धूर थांबतच नसेल तर ऑइल जळतंय. दाट पांढरा आणि गोडसर वासाचा येत राहिला तर कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) आत जातंय, म्हणजे हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या भागाखालचं सील) गेलंय. रेस केल्यावर काळा भपका आला तर नोजल, पंप किंवा नुसता एअर फिल्टर. या तिघांच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक आहे, म्हणून फिल्टर उघडून बघितल्याशिवाय घाबरूही नका आणि निश्चिंतही होऊ नका.

इंजिन चालू असतानाच ऑइल भरायचं झाकण सैल करून तिथेच उलटं ठेवा. किंचित थरथरलं तर चालेल. झाकण नाचायला लागलं आणि खालून धुराचे भपके येत राहिले तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात, इंजिन बांधायला आलंय. झाकणाच्या आतल्या बाजूला चहावरच्या सायीसारखा पिवळट थर दिसला तर ऑइलमध्ये पाणी आहे. रेडिएटरचं झाकण मात्र इंजिन गार असतानाच उघडायचं. हे मी दर वर्षी लिहितो, दर वर्षी कुणीतरी भाजून घेतो.

आता ते ८४ हजार. २०१४ ची ट्रॅव्हलर आधी काय करत होती ते विचारा. टूरिस्टला किंवा कंपनीच्या पिकअपला असेल तर हा आकडा मला पटत नाही. क्लचच्या पेडलचं रबर, स्टिअरिंगचा वरचा भाग, ड्रायव्हरच्या दाराचं बिजागर या तीन गोष्टी मीटरसारख्या मागे फिरवता येत नाहीत. मोटरहोम करणाऱ्याने मागे नवं घर बांधलेलं असतं, ड्रायव्हरची जागा बहुतेक वेळा तशीच सोडलेली असते. तिथे सत्य सापडतं.

मग चक्कर. पनवेलच्या सपाट रस्त्यावर दोन फेऱ्या मारून काहीही कळणार नाही. पाण्याची टाकी काठोकाठ भरायला लावा, मालकासकट चार माणसं बसवा, खोपोलीला जा आणि जुन्या रस्त्याने खंडाळ्याचा घाट चढा. नाही म्हणाला तर तेही एक उत्तरच. चढावर वरच्या गिअरमध्ये दाबलं की इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी वाढत नाही, असं झालं तर क्लच प्लेट संपलीय. तापमानाचा काटा कुठे जाऊन थांबतो ते बघा. वर पोचल्यावर लगेच बंद करू नका, थोडा वेळ न्यूट्रलवर चालू ठेवा. कूलंटच्या बाटलीत सतत बुडबुडे येत राहिले तर पुन्हा हेड गॅस्केट. गाडी ओढ घेताना किंवा सोडताना खालून "ठक" असा ठोका आला तर प्रोपेलर शाफ्टचे (मागच्या चाकांना ताकद नेणाऱ्या लांब दांड्याचे) क्रॉस, आणि ठरावीक वेगाला घरघर आली तर सेंटर बेअरिंग. लांब चेसिसच्या गाडीत ही दोन दुखणी ठरलेलीच. महाग नाहीत, पण भावात बोलायला उपयोगी पडतात.

उतरताना ब्रेक. निघण्यापूर्वीच एक साधी तपासणी करून घ्या : इंजिन बंद ठेवून पेडल कडक होईपर्यंत दाबत राहा, मग पाय दाबूनच स्टार्ट करा. पेडल थोडं खाली गेलं पाहिजे. नाही गेलं तर बूस्टर (ब्रेकला जोर देणारा डबा) किंवा त्याच्या व्हॅक्यूमची गडबड आहे. घाट उतरल्यावर चारही चाकांजवळ नाक न्या. एकाच चाकाला जळका वास आणि बाकीची तीन ठीक असतील तर तिथला ब्रेक चिकटतोय. उभ्या राहणाऱ्या गाड्यांचं हे नेहमीचं दुखणं. मोटरहोम वर्षातले बरेच दिवस उभीच असते, त्यामुळे कमी किलोमीटर म्हणजे चांगली गाडी हा हिशेब इथे चालत नाही. टायरचंही तसंच. नक्षी नवी दिसेल. बाजूवरच्या चार आकड्यांतले पहिले दोन आठवडा सांगतात आणि शेवटचे दोन वर्ष : २३१७ म्हणजे २०१७ चा तेविसावा आठवडा. असा टायर नक्षी कितीही शाबूत असली तरी टाकायचा. मागच्या जोडीबरोबर स्टेपनीही बघा, तीच सगळ्यात म्हातारी असते.

इथवर झाली गाडी. पण मोटरहोममध्ये मोठे घोटाळे गाडीत नसतात आणि घरातही नसतात. सुताराने जिथे गाडीला हात लावला आणि मेकॅनिकने जिथे घराला हात लावला, त्या सांध्यांत असतात.

एक सांगतो. मागे माझ्या गॅरेजला अशीच एक गाडी आली होती, तक्रार एवढीच की रात्री दिवे मंद होतात. बेडखालची फळी उचलली. खाली दोन ट्युब्युलर बॅटऱ्या, दोरीने बांधलेल्या. तिथून बोटाएवढी जाड लाल केबल निघून पत्र्याच्या फ्लोअरला पाडलेल्या भोकातून खाली उतरून इंजिनाकडे गेली होती. भोकाच्या धारेपासून केबल वाचवणारं रबरी कडं, म्हणजे ग्रॉमेट, नाही. गाडीच्या हादऱ्यांनी पत्र्याची धार केबलचं प्लास्टिक सोलत गेली होती आणि टॉर्च मारल्यावर आतलं तांबं चक्क चमकत होतं. वर पातळ गादी, गादीवर दोन मुलं झोपत. बॅटरीपासून इंजिनापर्यंत कुठेही फ्यूज नव्हता. तांबं पत्र्याला पूर्ण टेकलं असतं तर फ्लोअरखाली वेल्डिंगच चालू झालं असतं. दिवे मंद होण्याचं कारण वेगळंच होतं, बॅटरीत पाणी नव्हतं.

म्हणून म्हणतो, बेडवर बसून गादी दाबून बघू नका, बेड उचला. बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात फ्यूज पाहिजे. केबल पत्र्यातून जाते तिथे ग्रॉमेट पाहिजे. वायरी पिळून टेप मारलेल्या दिसल्या तर सगळं वायरिंग नव्याने करायचं धरूनच भाव बोला. दोनशे रुपयांचा मल्टिमीटर खिशात ठेवा : गाडी बंद असताना घरच्या (बेडखालच्या) बॅटरीवर साडेबाराच्या आसपास व्होल्ट पाहिजेत, इंजिन चालू केल्यावर तेच १३.८ ते १४.४ पर्यंत चढले पाहिजेत. चढले नाहीत तर अल्टरनेटरची वीज घरापर्यंत पोचतच नाही. आणि टपावरचा एसी "बॅटरीवर रात्रभर चालतो" असं सांगितलं तर गणित करा. १०० एएचच्या (अँपिअर-तासांच्या) १२ व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटरीतून बाराशे वॉट-तास, त्यातले निम्मेच सुखरूप वापरता येतात. दीड टनाचा एसी तासाला त्याच्या दुप्पट सहज खाऊ शकतो. रात्र लांब असते.

मग पाणी. मुंबईच्या हवेत मोटरहोम मरते ती टपावरून. एसीच्या, स्कायलाइटच्या, सोलरच्या प्रत्येक स्क्रूचं भोक म्हणजे पावसाला दिलेलं आमंत्रण. आतून छताच्या कोपऱ्यांत आणि स्कायलाइटच्या कडेने अंगठ्याने दाबत जा. प्लाय दबली, भुसभुशीत लागली, सनमायका फुगून कडेला उठला असेल तर आत पाणी बसलंय. कपाटं उघडून वास घ्या. अगरबत्ती किंवा कापराचा वास जास्तच येत असेल तर मला आधी शंका येते. एखादा स्क्रू काढायची परवानगी मागा : ओला किंवा गंजून बारीक झालेला निघाला तर पुढचं बोलायची गरज नाही. शेवटी पाइप लावून टपावर निवांत पाणी सोडा आणि तुम्ही आत बसा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गाडी कोरडी दिसणारच, म्हणून पाऊस आपण आणायचा. खाली जाऊन चेसिसही बघा. नुकताच मारलेला काळाकुळीत अंडरकोट दिसला तर छोट्या हातोडीने हलके ठोकत जा. "टण" आवाजाच्या जागी "थप" आला की खाली गंज आहे. सीटच्या रुळांत, कार्पेटखाली, दिव्यांच्या आत बारीक गाळ सापडला तर गाडी पुरात उभी होती. आपल्याकडे अशा गाड्या २६ जुलै २००५ नंतरही विकल्या गेल्या आणि दर मोठ्या पावसानंतर विकल्या जातात.

आणि वजन. अठरा एमएमची आठ बाय चारची एक प्लाय तीसेक किलो. दीडशे लिटर पाणी म्हणजे दीडशे किलो. दोन बॅटऱ्या शंभरच्या पुढे. हे सगळं बहुतेक मागच्या चाकांच्या मागे लटकवलेलं असतं. कळंबोलीला ट्रकवाल्यांचे वजनकाटे आहेत, भरलेली गाडी तिथे न्या, आधी पूर्ण आणि मग फक्त मागची चाकं काट्यावर घेऊन वजन करा. पावती आरसीवरच्या एकूण वजनाशी ताडून बघा. मागच्या सस्पेन्शनचे पाटे सपाट होऊन उलटे वाकलेले दिसत असतील तर काट्यावर जायचीही गरज नाही.

हिमाचलचं : रस्ता दिल्लीवरून जात असेल तर थांबा. दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर तिथे २०१५ पासून एनजीटीच्या (राष्ट्रीय हरित लवादाच्या) आदेशाने निर्बंध आले आणि त्यात कोर्टाकडून बदल होत राहिलेत. निघताना जो आदेश लागू असेल तो बघून मार्ग ठरवा. गाडी बीएस-३ आहे की बीएस-४ (धुराच्या प्रदूषणाचे सरकारी टप्पे) हेही आरसीवर पाहून ठेवा. मुंबई-पुण्यासह तेरा शहरांत बीएस-४ एप्रिल २०१० ला आलं, सगळ्या देशात १ एप्रिल २०१७ ला. त्यामुळे २०१४ ची गाडी कुठे पासिंग झालीय त्यावर ते ठरतं.

माझं मत विचाराल तर इंजिन थोडं थकलेलं असलं तरी चालेल, ते बांधता येतं आणि बांधणारे मुंबईत गल्लोगल्ली आहेत. टप गळका आणि वायरिंग पिळलेलं असेल तर साडेनऊ काय, साडेचारलाही घेऊ नका. वहिनींना सांगा, पडदे क्रॉफर्ड मार्केटजवळ मंगलदासला मिळतील.

प्रश्न : गाडी आवडलीय, पण आरसीवर "बस" आणि आसनक्षमता १३ असं आहे. आत दोनच सीट आणि बेड. एजंट म्हणतो, "सगळे असंच चालवतात." घ्यावी का? (कल्याण)

नाही.

कारण सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरच्या तपशिलांशी आणि कंपनीच्या मूळ रचनेशी जुळणार नाही असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच ठणकावून सांगितलं. बेकायदा बदलाला कलम १८२अ खाली प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. पण दंडाचं सोडा, खरी भीती विम्याची आहे. अपघात झाला की सर्व्हेअर पहिल्यांदा आरसी आणि गाडी शेजारी शेजारी ठेवून बघतो. तेरा सीटची बस कुठे आणि शेगडी-संडासाची गाडी कुठे.

मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ नावाचं स्वतंत्र मानक आहे आणि आरटीओच्या नोंदीत "मोटर कॅराव्हॅन", "कॅम्पर व्हॅन" असे वर्गही आहेत. आरसीवर असा वर्ग असलेली गाडी महाग पडते, पण तिचे पैसे कागदाचे असतात. विकणाऱ्याला म्हणावं, आधी नोंद करून दे, मग बघू. बहुतेक तिथेच फोन बंद होतो.

कागद जुळले तर बाकीचं सरळ आहे. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०. घेणाऱ्याने ३० दिवसांत नोंद करायची आणि विमा १४ दिवसांत आपल्या नावावर घ्यायचा. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो त्याचा. ई-चलान मात्र गाडीबरोबर येतात, तेव्हा आधी नंबर टाकून बघा.

प्रश्न : गोरेगावला एक जुनी व्हॅनिटी व्हॅन विकायची आहे. शूटिंगची. किलोमीटर फारच कमी, आत आरसे, सोफा, बाथरूम, दोन एसी. मोटरहोम म्हणून झकास वाटते. (अंधेरी)

झकास वाटणारच, त्यासाठीच ती बनवलेली असते. फिल्मसिटीच्या गेटबाहेर रांगेत उभ्या असतात तेव्हा मलाही आत डोकावावंसं वाटतं.

पण तिचं आयुष्य समजून घ्या. सकाळी मढला जायचं, दिवसभर एका जागी उभं राहून एसी चालवायचा, रात्री परत. किलोमीटर वाढत नाहीत, तास वाढतात. एसी इंजिनावर चालत असेल तर इंजिन दिवसभर न्यूट्रलवर घुरघुरत असतं, आणि त्यात डिझेल इंजिनाची झीज होते ती मीटरवर उमटत नाही. वेगळा जनरेटर असेल तर त्याचा तासांचा मीटर बघा, नसेल तर जनरेटरवाल्या मेकॅनिकला वेगळा घेऊन जा. दोन्ही एसी, गिझर, दिवे एकदम लावा आणि अर्धा तास ठेवा. जनरेटर दमतो का, व्होल्टेज पडतं का ते बघा.

दुसरं म्हणजे ही गाडी झोपायला नाही, बसायला बांधलेली असते. मोठमोठे आरसे आणि कपाटांना चालत्या गाडीत धरून ठेवणारे लॅच नसतात. कसारा घाटात तिसऱ्याच वळणावर सगळं अंगावर येईल. बाथरूमची टाकी सेटवरून रोज रिकामी करायची सोय असते, आपल्याकडे रस्त्यावर ती कुठे रिकामी करणार हे आधी ठरवा. आणि परवान्याची एक गोष्ट : साडेसात हजार किलोपर्यंतच्या गाड्यांना, ट्रान्सपोर्ट (व्यावसायिक) असल्या तरी, एलएमव्ही (हलक्या वाहनाचं) लायसन चालतं असं सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलंय. मोठ्या बसच्या चेसिसवरची व्हॅनिटी त्याच्या पुढे जाऊ शकते. आरसीवरचं एकूण वजन वाचा. ट्रान्सपोर्टची नोंद असेल तर पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दर वर्षी फिटनेस.

हे सगळं करून हिंमत राहिली तर घ्या. मी घेणार नाही.

प्रश्न : टाटा विंगरवर केलेली कॅम्पर बघितली. पूर्ण स्टिअरिंग वळवून गाडी हलवली की पुढून "टकटकटक" येतं. मालक म्हणतो खडा अडकलाय. (वसई)

खडा नाही, ड्राइव्ह शाफ्टचा सीव्ही जॉइंट (वळलेल्या चाकालाही ताकद पोचवणारा सांधा) आहे. विंगर पुढच्या चाकांवर चालते, २००७ ला आली तेव्हापासून. पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूला टॉर्च मारा, काळं रबरी बूट फाटलेलं आणि आजूबाजूला ग्रीस उडालेलं दिसेल. बूट वेळेवर बदललं असतं तर थोडक्यात भागलं असतं, आता जॉइंटसकट काम आहे. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला पार्टची चौकशी करा आणि तेवढे पैसे भावातून वजा करा. हा दोष गाडी सोडून द्यावी असा नाही.

सोडून द्यावी असं कारण दुसरीकडे असू शकतं. विंगरला ट्रॅव्हलरसारखी वेगळी चेसिस नाही, बॉडी हाच तिचा सांगाडा. टपाला एसीसाठी किंवा स्कायलाइटसाठी मोठा चौकोन कापताना आडवा बीम कापला असेल आणि भोवती फ्रेम दिली नसेल तर बॉडी पिळवटते. खूण सोपी : एका मागच्या चाकाला जॅक लावून उचला आणि मागचं दार, सरकतं दार उघडून-बंद करून बघा. उचलल्यावर दार अडायला लागलं तर नमस्कार करून निघा. आणि सगळं सामान मागे भरलं असेल तर पावसात ओल्या चढावर पुढची चाकं हलकी होऊन घसरतात, हे लक्षात असू द्या. अवजड ते पुढच्या बाजूला.

प्रश्न : ह्यांनी कॅराव्हॅन घेतली, मला आत गॅसवर स्वयंपाक करायची भीती वाटते. नातेवाईक हसतात. भीती खरी आहे का? (दहिसर)

हसणाऱ्यांना गाडीत झोपायला सांगा, ताई. तुमची भीती शंभर टक्के खरी.

एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला तर घरात दाराखालून थोडा तरी बाहेर पडू शकतो, गाडीत तळाशी साचून राहतो आणि नाकाच्या उंचीला वासही उशिरा येतो. म्हणून सिलिंडरचं कपाट आतल्या जागेपासून पूर्ण बंद असावं, दार बाहेरून असावं आणि कपाटाच्या तळालाच बाहेर उघडणारी जाळी असावी. जाळी वर असेल तर ती नसल्यातच जमा. डिटेक्टर लावला असेल तर तोही जमिनीजवळ. सिलिंडर पट्ट्याने बांधलेला, आणि गाडी चालताना व्हॉल्व्ह बंद. नळीवर आयएसआय आणि मुदत छापलेली असते, ती वाचा. सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर ए, बी, सी, डी यांपैकी अक्षर आणि वर्ष असतं : ए म्हणजे मार्चपर्यंत, बी जून, सी सप्टेंबर, डी डिसेंबर. ती तपासणीची तारीख उलटलेला सिलिंडर घेऊच नका. साबणाचं पाणी सांध्यांवर लावून बुडबुडे बघा, काडी लावून नाही.

पण मला तुमच्या गॅसपेक्षाही दुसऱ्या एका गोष्टीची जास्त धास्ती आहे. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या कॅराव्हॅनमध्ये दोघे मृत सापडले. जनरेटरचा कार्बन मोनॉक्साइड आत शिरला होता. त्याला रंग नाही, वास नाही, झोपेत कळतही नाही. तेव्हा इंजिन किंवा जनरेटर चालू ठेवून एसीत झोपायचं नाही, आणि सेकंड हँड गाडीत फ्लोअरची भोकं, सायलेन्सरचे सांधे, मागच्या दाराचं रबर हे सगळं बघूनच घ्यायचं. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वेगळा मिळतो, गॅसचा डिटेक्टर ते काम करत नाही. हा अलार्म मात्र झोपायच्या जागेजवळ लावा. ह्यांना सांगा, मी सांगितलंय म्हणून.

स्वयंपाक जमेल तितका बाहेर, शेड ओढून. पोहे बाहेर जास्त चांगले लागतात हे माझं वैयक्तिक मत.

प्रश्न : सोसायटीत मोटरहोम उभी करू देतील का? सेक्रेटरी आत्तापासून कुरकुर करतो. (घाटकोपर)

ते सेक्रेटरीच सांगू शकतील, मी इंजिनाचा माणूस. पण बोलायला जाण्याआधी गेटच्या कमानीची उंची आणि गाडीची टपावरच्या एसीसकट उंची टेपने मोजा. पोडियम पार्किंग असेल तर वरच्या फायर लाइनचीही (आगीच्या पाण्याच्या पाइपची). आणि गाडी उभीच राहणार असेल तर घरच्या बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा, हँडब्रेक ओढून न ठेवता चाकांना ओंडके लावा, आणि आठवड्यातून एकदा तरी ईस्टर्न एक्स्प्रेसला नीट तापेपर्यंत फिरवून आणा. नुसतं जागेवर स्टार्ट करून बंद करण्याने काही होत नाही, फक्त शेजाऱ्यांच्या खिडकीत धूर जातो आणि सेक्रेटरीला मुद्दा मिळतो.